ख्रिस्ती ऐक्य सप्ताहाची पुस्तिका: फुकट आहे, पण तयार नाही

18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह. त्यासाठी दरवर्षी एक पुस्तिका निघते. व्हॅटिकनचा ऐक्यविषयक विभाग आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या मंडळ्यांच्या जागतिक संघाचा 'फेथ अँड ऑर्डर' आयोग ती मिळून काढतात, आणि मसुदा दरवर्षी वेगळ्या देशातला गट लिहितो. इथे परीक्षण 2025 च्या पुस्तिकेचं आहे आणि तुलनेला 2013 ची घेतली आहे. आधी एक खुलासा: जानेवारीतलाच इव्हँजेलिकल अलायन्सचा प्रार्थना सप्ताह वेगळा. पत्रिकेवर नुसतं 'प्रार्थना सप्ताह' छापलं की लोक गोंधळतात, म्हणून तारखा ठळक टाका.

पुस्तिका व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन, जर्मन अशा भाषांत फुकट मिळते. मराठीत नाही. आत विषयप्रवेश, संयुक्त उपासनेचा पूर्ण क्रम, आठ दिवसांची वाचनं व प्रार्थना, मसुदा लिहिणाऱ्या देशातल्या मंडळ्यांची (चर्चेसची) ओळख, आणि शेवटी 1968 पासूनच्या विषयांची यादी. हा सप्ताह मुळात 1908 चा, पॉल वॉट्सन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रेमूर इथे सुरू केलेला. तेव्हाचा सूर 'सगळ्यांनी रोमकडे परतावं' असा होता. 1930 च्या दशकात फ्रान्समधले फादर पॉल कुतुरिए यांनी तो बदलला: ख्रिस्ताला हवं ते ऐक्य, त्याला हव्या त्या मार्गाने. आज कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एकच कागद हातात धरू शकतात ते या बदलामुळे.

2025 चा मसुदा उत्तर इटलीतल्या बोझे मठाचा. तिथे वेगवेगळ्या मंडळ्यांचे स्त्री-पुरुष एकत्र राहतात. निमित्त 325 साली निकीया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेला 1700 वर्षं झाल्याचं, आणि वचन योहान 11:26 मधलं, येशूने मार्थेला विचारलेलं: 'हे तू खरे मानतेस काय?' आठ दिवस विश्वासांगीकाराच्या, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीच्या, क्रमाने जातात: पिता, सृष्टी, देहधारण, मरण व पुनरुत्थान, पवित्र आत्मा, मंडळी, बाप्तिस्मा, येणारं राज्य. बांधणी पक्की आहे. बायबलच्या वाचनांना आरंभीच्या मंडळीतल्या लेखकांच्या उताऱ्यांची जोड आहे, आणि तीच मराठी मंडळीत जड जाते. हे उतारे मोठ्याने वाचण्यापेक्षा उपदेशकाच्या हाती द्यावेत, तो दोन वाक्यांत सांगेल.

सातवा दिवस जपून घ्या. बाप्तिस्म्याची आठवण म्हणून पाणी शिंपडण्याचा मोह होतो, आणि प्रौढ बाप्तिस्मा मानणारे तिथेच अवघडतात. याचं उत्तर आपल्याकडे आहे. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झाली, तेव्हा अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन आणि मेथडिस्ट यांच्यासोबत बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्सही होते. त्यांनी बालबाप्तिस्मा आणि विश्वासूंचा बाप्तिस्मा, दोन्ही रीती मान्य केल्या. त्या दिवशी पाणी न वापरता हा दाखला सांगणं जास्त उपयोगी.

संयुक्त उपासनेचा क्रम जशाच्या तसा घेतला आणि त्यात मराठी गीतं घातली, तर वेळ दीड तासाच्या पलीकडे जातो. वाचनं तशीच ठेवा, मध्यस्थीच्या विनंत्या (इतरांसाठीच्या प्रार्थना) पाचवर आणा, आणि उपदेश बारा मिनिटांत. उपदेश यजमान पाळकांनी करू नये, पाहुण्या मंडळीच्या पाळकांनी किंवा फादरांनी करावा. गीतांसाठी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं निवडा. पेटी-तबल्यावर ती इंग्रजी चालींपेक्षा लवकर उचलली जातात. (टिळकांनी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्यांनाही त्यात जागा ठेवली होती. ऐक्याच्या चर्चेत हे फारसं कोणी काढत नाही.) A5 आकाराची आठ पानी पत्रिका दोन A4 कागदांत बसते, दोन्ही बाजूंनी छापून मधोमध घडी घातली की झालं.

प्रभूची प्रार्थना पूर्ण छापा. शेवटी 'कारण राज्य, पराक्रम व गौरव' या ओळीपाशी कॅथलिक भाविक सवयीने थांबतात आणि बाकीचे पुढे जातात, मग अर्ध्या मंदिरात शांतता आणि अर्ध्यात आवाज. शब्दही मंडळीगणिक थोडे बदलतात. एकच पाठ छापला आणि चालवणाऱ्याने शेवटची ओळ मोठ्याने म्हटली की प्रश्न मिटतो.

निकीयाच्या विश्वासांगीकारात आणखी एक खाच आहे. पवित्र आत्मा 'पित्यापासून' निघतो की 'पिता व पुत्र यांपासून'? मुंबई-पुण्यात सिरियन परंपरेचे ऑर्थोडॉक्स बांधव येणार असतील तर 381 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेचा मूळ पाठ छापावा, त्यात 'व पुत्र' नाही. ग्रीक पाठात कॅथलिक मंडळीही ते शब्द घालत नाही, त्यामुळे कोणी तक्रार केली तर सांगायला आधार आहे. पेंटेकॉस्टल पाळकांना छापील प्रार्थना परक्या वाटतात. त्यांना मध्यस्थीत दोन-दोन मिनिटांची मोकळी प्रार्थना द्या, आणि वेळ आधीच सांगा.

प्रभुभोजन ठेवू नका. पुस्तिकेतला क्रम वचनाच्या उपासनेचा आहे. सीएनआयच्या मेजावर इतर मंडळ्यांच्या सभासदांचं स्वागत असतं, पण कॅथलिकांना त्यांचा नियम तिथे भाग घेऊ देत नाही. प्रेमाने दिलेलं आमंत्रणही त्यांना सर्वांसमोर नकार द्यायला लावतं. दानाचं आधी ठरवा: कशासाठी, कोणाच्या नावाने, मोजणार कोण. खुर्च्यांचंही ठरवा, वेदीजवळ फक्त सेवा करणारे बसतील. हे राहून गेलं की मानापमान सुरू होतात आणि त्यावर पुस्तिकेत प्रार्थना दिलेली नाही.

आठ संध्याकाळी आठ मंदिरांत फिरण्याची योजना कागदावर शोभते. कामाच्या दिवशी मधल्या संध्याकाळी मोजकी माणसं उरतात. एक संयुक्त उपासना आणि उरलेले दिवस घरी कुटुंबप्रार्थनेत, हे झेपतं. 2027 मध्ये 18 आणि 25 जानेवारी दोन्ही सोमवारी येतात, तेव्हा संयुक्त उपासना 24 च्या रविवारी संध्याकाळी घ्यावी.

आता 2013 ची. ती स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट ऑफ इंडियाने आपल्या शताब्दीनिमित्त लिहिली. सोबत ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन आणि नागपुरात मुख्यालय असलेली नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया होती. वचन मीखा 6:6-8, आणि आठही दिवस 'चालण्या'चे: संवाद करत, ख्रिस्ताच्या भग्न देहासोबत, मुक्तीकडे, धरतीची लेकरं म्हणून, येशूचे मित्र म्हणून, अडसर ओलांडून, एकजुटीने, उत्सव करत. दलितांवरचा अन्याय तिच्यात मध्यभागी आहे, आणि जात मंडळ्यांच्या साक्षीलाही बाधते हे ती स्पष्ट म्हणते. 2025 ची पुस्तिका मंडळ्यांचा विश्वास एक आहे एवढं दाखवते. सोयरीक, स्मशानभूमी, मंडळीच्या समितीतल्या जागा, जिथे आपली फूट खरोखर दिसते, तिथे ती पोचत नाही.

नगर, जालना, कोल्हापूरकडच्या मंडळ्यांनी दैनिक चिंतनासाठी 2013 ची घ्यावी आणि संयुक्त उपासनेचा सांगाडा त्या-त्या वर्षीच्या पुस्तिकेतून. वसईसारख्या ठिकाणी, जिथे विश्वासांगीकार तोंडपाठ आहे आणि अभ्यासगट नियमित बसतात, 2025 ची जास्त फळेल; मात्र आठ दिवसांत न कोंबता चाळीसदिवसीय उपवासकाळात आठवड्याला एक किंवा दोन भाग घ्यावेत. दोन्हीकडे भाषांतर नोव्हेंबरात सुरू करा आणि दोन मंडळ्यांच्या माणसांना शेजारी बसवून करा. नाताळानंतर घाईत केलेल्या मराठीत चुका राहतात आणि त्या भर उपासनेत सापडतात.