इलेक्ट्रिक बाकफीट्स: दोन मुलं, डब्यांच्या ऑर्डरी आणि एक स्टँड (ॲमस्टेलवीन, नेदरलँड्स, पहिल्या हिवाळ्यानंतर)

आमच्या बाकफीट्सच्या, म्हणजे पुढे पेटी असलेल्या मालवाहू सायकलच्या, स्टँडची स्प्रिंग तुटली आणि दुकानदार म्हणाला, हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही, मजुरी धरून ८० युरो होतील. साडेपाच हजार युरो मोजून घेतलेल्या गाडीला वर्ष व्हायच्या आत हे ऐकायला मिळालं म्हणून हे लिहितेय, कारण मोटर, बॅटरी, रेंज यावर ढिगाने वाचायला मिळतं पण स्टँडबद्दल कोणीच काही बोलत नाही.

आमची दोन चाकी आहे, पुढे लाकडी पेटी, बॉशची कार्गो लाइन मोटर, ५०० वॉट-अवरची बॅटरी. थोरला शाळेत, धाकटी पाळणाघरात, आणि शनिवार-रविवार माझे डबे पोचवायचे असतात. दुसरी कार घ्यायचीच नव्हती, विमा, रोड टॅक्स, पार्किंग सगळं मिळून नुसती उभी असली तरी पैसे खाते. नवऱ्याच्या ऑफिसात कंपनीची सायकल मिळण्याची सोय नाही, तुमच्याकडे असेल तर आधी तिकडे विचारा, २०२० पासून सायकलच्या किमतीच्या फक्त ७ टक्के रक्कम वर्षाच्या उत्पन्नात धरून त्यावर टॅक्स लागतो, खूप स्वस्त पडतं.

आता स्टँड. तीन चाकी आपोआप उभी राहते, दोन चाकीचा सगळा भार स्टँडवर. गाडीच ५० किलोच्या वर, त्यात दोन मुलं आणि दप्तरं, आणि मुलं काही आपण सांगू तशी चढत नाहीत, एक चढतं तेव्हा दुसरं उतरत असतं, पेटी एका बाजूला कलते. अशा वेळी स्टँड रुंद, जड आणि घट्ट लागतो. आमच्याचे पाय अरुंद, आणि फरसबंदी जरा उतरती असली की गाडी हलते. थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात ते सगळं खाली त्या स्प्रिंगांवरच उडतं. एक तुटली आणि स्टँड चालत्या गाडीखाली लोंबायला लागला, वळणावर जमिनीला घासायचा, पेटीत मुलं बसलेली असताना! याला झिजणारा भाग कसं म्हणायचं? ब्रेकपॅड झिजतात, टायर झिजतात. स्टँडने मुलांचं वजन पेलायचं असतं, तो सुरक्षेचा भाग आहे.

मी पैसे दिले नाहीत. इथे एप्रिल २०२२ पासून नियम असा आहे की खरेदीनंतर पहिल्या वर्षात बिघाड निघाला तर तो मुळातच होता असं धरतात, तसं नव्हतं हे दुकानदाराने दाखवायचं (आधी ही मुदत सहा महिन्यांची होती). आणि जबाबदारी विकणाऱ्याची असते, कंपनीकडे बोट दाखवून त्याला सुटता येत नाही. कन्सुवाइझर या ग्राहकांना सल्ला देणाऱ्या सरकारी साइटवर पत्राचे नमुने तयार आहेत, त्यातलाच एक भरून पाठवला, तुटलेल्या स्प्रिंगचा फोटो जोडला. बरेच दिवस उत्तर नाही, मग दुसरं पत्र, मग अख्खा स्टँड फुकट बदलून मिळाला. नवा जुन्यापेक्षा रुंद आहे, म्हणजे कंपनीलाही माहीत होतं की जुना कमी पडतोय, आधीच्या गिऱ्हाइकांना बोलावून का नाही बदलून दिला?

बाकी गाडीबद्दल माझं मत मधे बदललं. डिसेंबरात मी ओळखीच्या सगळ्यांना घेऊ नका सांगत होते, बॅटरी भराभर उतरायची. गाडी बाहेर उघड्यावर असते, लिथियम बॅटरी गारठली की कमी देते, आणि शून्याच्या खाली असताना ती चार्ज करायचीच नसते. आता रोज घरात आणते, निघताना लावते, बराच फरक पडला. पूर्ण चार्जला अर्धा युनिट लागतं, म्हणजे पंधरा-वीस सेंट, या पैशात इथे काहीच मिळत नाही.

सपाट देशात मोटर कशाला असं आईने फोनवर विचारलं होतं. चढ नाही पण वारा आहे ना! समोरून वारा, पेटीवर पावसाचा तंबू चढवलेला, तो शिडासारखा वारा धरतो, तेव्हा मोटरचा ८५ न्यूटन-मीटरचा जोर (टॉर्क) काय ते कळतं. ताशी २५ किलोमीटरला मदत बंद होते, भरलेल्या पेटीला तेवढा वेग पुरे आहे. आणि पेटी जमिनीलगत असल्याने वजन खाली राहतं, गणपतीत उकडीचे मोदक नेले, एकाचीही कळी मोडली नाही. त्या दिवशी मी फार खूश होते.

तीन चाकी की दोन चाकी? मुलं अगदी लहान असतील आणि हळूच चालवणार असाल तर तीन चाकी चालेल, पण वेगात वळलं की आतलं चाक उचलतं, मला ते नको वाटलं. दोन चाकी घेत असाल तर दुकानात टेस्ट राइडला मुलांना घेऊन जा, त्यांना पेटीत बसवून गाडी स्टँडवर चढवा आणि उतरवा, तीन-चार वेळा, दुकानदार बघत राहिला तरी.

मार्क्टप्लाट्सवर (जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीची साइट) जुनी स्वस्त दिसली तर आधी मॉडेल तपासा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी तपास यंत्रणेने बाबू (Babboe) या बाकफीट्स बनवणाऱ्या कंपनीची विक्री थांबवली आणि फ्रेम तुटण्याच्या धोक्यामुळे काही मॉडेल परत मागवायला लावली. घराजवळचे सायकलवाले दुसऱ्या ब्रँडची बाकफीट्स हातात घ्यायला तयार नसतात, त्यामुळे घरी येऊन दुरुस्ती करणारा कोण आहे हे खरेदीआधीच विचारा. विमेवाले दोन स्टारचं एआरटी मान्यतेचं (एआरटी म्हणजे कुलपं तपासून स्टार देणारी डच संस्था) कुलूप मागतात, आणि चोरी झाली तर कुलपाच्या दोन्ही किल्ल्या दाखवाव्या लागतात, त्यातली एक पावतीसोबत घरात ठेवा.