ड्रॅगनलान्स: पुन्हा मागचे पाढे पंचावन्न?

ड्रॅगनलान्स या काल्पनिक जगाच्या कादंबऱ्या आधी वाचाव्यात की त्यातला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावर बसून खेळायचा भूमिका-खेळ आधी खेळावा, हा प्रश्न हमखास विचारला जातो. मी गेले कित्येक महिने दोन्ही एकदमच चालवलंय. रात्री पुस्तक आणि सुट्टीच्या दिवशी डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या निवेदकाची खुर्ची. खेळाच्या पाचव्या आवृत्तीचं ‘शॅडो ऑफ द ड्रॅगन क्वीन’ (२०२२) हे साहस आम्ही पहिल्या लेव्हलपासून घेतलं, ते आता शेवटाला आलंय. जुन्या तीन आणि पाठोपाठच्या तीन कादंबऱ्या पुन्हा वाचल्या आणि नव्यांपैकी दोन पहिल्यांदाच. एवढं सगळं करून डोक्यात जे उरलं ते लिहितोय.

नवख्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर मूळ कल्पना ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्याची आणि कंपनी टीएसआर, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सची तेव्हाची मालक. १९८४ मध्ये खेळाची मॉड्यूल्स, म्हणजे तयार साहसांची पुस्तकं आली आणि त्याच वर्षाच्या शेवटी मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची पहिली कादंबरी ‘ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट’. जगाचं नाव क्रिन, खंड अन्सालॉन. तीन चंद्र आहेत आणि जादूगारांचे पांढरे, लाल, काळे झगे त्या चंद्रांप्रमाणे ठरतात. नाणी सोन्याची नसून पोलादाची, कारण युद्धाच्या काळात सोन्याने कुणाचं पोट भरत नाही की जीव वाचत नाही. आणि मुख्य म्हणजे देव निघून गेलेत.

या शेवटच्या गोष्टीवर सगळा डोलारा उभा आहे, आणि सगळी भांडणंही तिथूनच सुरू होतात. इस्तार शहराचा धर्मसत्ताधीश, किंगप्रीस्ट, सत्तेने आणि पुण्याच्या गर्वाने इतका फुगतो की देवांनाच हुकूम सोडायला लागतो. देव शहरावर आगीचा पर्वत फेकतात. किंगप्रीस्ट गेला हे ठीक, पण सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात तसं बाजारातले हमाल, गुलाम, तान्ही मुलं सगळं समुद्राखाली गेलं. वर पुस्तकं आपल्याला सांगतात की देवांनी माणसांना सोडलं नाही, माणसांनीच देवांना सोडलं. लहानपणी हे वाक्य भारदस्त वाटतं. आता वाचताना मी प्रत्येक वेळी पुस्तक खाली ठेवतो. चाहत्यांमध्ये यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे आणि तो मिटत नाही, कारण लेखकांनी देवांची बाजू घेतलीय आणि वाचकाला घेववत नाही.

पण टेबलावर हीच गोष्ट सोनं ठरते. खेळाच्या इतर सेटिंग्जमध्ये (काल्पनिक जगांत) जखम भरणं ही किरकोळ बाब असते. क्लेरिकने, म्हणजे देवाच्या शक्तीने बरं करणाऱ्या पुजाऱ्याने हात ठेवला, डाइस टाकला, पुढे चला. इथे तीनशेहून जास्त वर्षं कुणी तसं करताना पाहिलेलंच नाही. ‘शॅडो’मध्ये सुरुवातीला छोटे प्रस्तावना-प्रसंग आहेत, त्यातल्या एकात क्लेरिकला देवाची पहिली चाहूल लागते. आमच्या क्लेरिकने नंतर वोगलर गावात एका जखमी कोळ्यावर हात ठेवला आणि रक्त थांबलं. मी वर्णन करत होतो, तेवढ्यात चेष्टामस्करी आपोआप बंद पडली. कोळ्याच्या बायकोने मागे सरकून विचारलं, “हे काय केलंस?” तिच्या आवाजात आनंद नव्हता, भीती होती. हा क्षण दुसऱ्या कुठल्या सेटिंगमध्ये मला इतक्या सहज मिळाला नसता.

ड्रॅकोनियनही तसेच. चांगल्या ड्रॅगन्सची अंडी भ्रष्ट करून बनवलेले हे सैनिक मेल्यावरही पिच्छा सोडत नाहीत. बाझ जातीचा मेला की दगड होतो आणि तुमची तलवार त्यात अडकून बसते. कॅपक मेला की ॲसिड होतं, बोझॅक मेला की हाडं फुटून अंगावर येतात. पहिल्याच झुंजीत आमच्या फायटरची तलवार अडकली आणि तो दोन राउंड नुसत्या ढालीने लढत राहिला. त्या दिवसापासून कंबरेला जादाची कट्यार लावल्याशिवाय तो हलत नाही.

आता तक्रारी. पहिली कादंबरी आज वाचताना मॉड्यूलचा वास येतो. इथे गेले, हे मारलं, ते उचललं. पहिल्या आणि दुसऱ्या पुस्तकाच्या मध्ये थॉरबार्डिन या ड्वार्फांच्या राज्याचं अख्खं प्रकरण घडून गेलेलं असतं आणि आपल्याला ते उडत उडत कळतं. त्यावरची कादंबरी थेट २००६ मध्ये आली. जुन्या मॉड्यूल्समध्ये तर कथेतली पात्रं वेळेआधी मरू नयेत म्हणून ‘ऑब्स्क्युअर डेथ’ असा नियमच होता: मेला तरी प्रेत सापडू द्यायचं नाही, म्हणजे नंतर परत आणता येतं. रुळांवरून गाडी हाकण्याचा हा रोग नव्या पुस्तकातही पुरता गेलेला नाही. कलामन शहरात पोहोचायचं म्हणजे पोहोचायचंच.

केंडर या बुटक्या, हातचलाख जमातीबद्दल तर बोलायलाच नको. कादंबऱ्यांतला केंडर टॅसलहॉफ कागदावर गोड आहे. टेबलावर मात्र एखादा खेळाडू ‘माझं कॅरेक्टरच तसं आहे’ म्हणत सगळ्यांच्या पिशव्या साफ करतो आणि सोबत्यांची डोकी फिरतात. नव्या आवृत्तीत केंडरला निडरपणा आणि समोरच्याला डिवचण्याची कला दिलीय, चोरी नियमात नाही. हे शहाणपण उशिरा सुचलं पण सुचलं. गली ड्वार्फ ही जमात मात्र मी सरळ वगळली. घाणेरडे, मठ्ठ, दोनच्या पुढे मोजता न येणारे लोक हा विनोद आज खपत नाही. गंमत म्हणजे कादंबऱ्यांतल्या जादूगार रेस्टलिनचा एकमेव निखळ हळवेपणा बुपू या गली ड्वार्फबरोबरच दिसतो.

रेस्टलिन हेच माझ्या मते या सगळ्यातलं खरं नाणं. सोनेरी कातडी, वाळूच्या घड्याळासारख्या डोळ्यांच्या बाहुल्या, आणि ज्याच्याकडे बघेल ते कुजताना दिसण्याचा शाप. १९८६ च्या ‘लेजेंड्स’ त्रयीत तो देव व्हायला निघतो आणि त्याचा जुळा भाऊ कॅरमन दारू पिऊन सुटलेला, बायकोने घराबाहेर काढलेला. दोन भावांची ही गोष्ट मूळ त्रयीपेक्षा कितीतरी वरची आहे. मूळ त्रयीत नाइट स्टर्मचं मरण तेवढं तिच्या तोडीचं: भिंतीवर एकटा, समोर निळ्या ड्रॅगनवर त्याचीच जुनी सोबतीण किटियारा. चाळीस वर्षं झाली, आता याला स्पॉयलर म्हणू नका.

आणि माझं खरं दुखणं इथे आहे. जे गेलं ते गेलं, हीच या जगाची ताकद, आणि मालक मंडळींना नेमकं तेच सोसत नाही. १९९५ मध्ये ‘ड्रॅगन्स ऑफ समर फ्लेम’ने देव पुन्हा घालवले, जादूही घालवली. पुढच्या वर्षी ‘फिफ्थ एज’ या खेळाच्या नव्या आवृत्तीत डाइस जाऊन पत्ते आले. चाहते भडकले. मग २००० ते २००२ च्या ‘वॉर ऑफ सोल्स’मध्ये कळलं की देव गेलेच नव्हते, ताखिसिसने, म्हणजे दुष्ट ड्रॅगन क्वीन देवीने अख्खं जगच चोरलं होतं. देव परत, जादू परत. ये रे माझ्या मागल्या! गंमत अशी की ‘फिफ्थ एज’वर पोसलेले काही चाहते आहेत, आणि त्यांना ही माघार म्हणजे आपल्या वाट्याची गोष्ट पुसल्यासारखी वाटते. मला ती पत्त्यांची आवृत्ती आवडत नाही, पण त्यांचं म्हणणं पटतं.

नवी त्रयीही याच वळणावर. लेखकांनी ऑक्टोबर २०२० मध्ये तिच्यावरूनच विझर्ड्स ऑफ द कोस्ट या आताच्या मालक कंपनीवर दावा लावला, डिसेंबरमध्ये मागे घेतला, आणि २०२२ मध्ये ‘ड्रॅगन्स ऑफ डिसीट’ आलं. डेस्टिना रोझथॉर्नला काळात मागे जाऊन बापाला वाचवायचंय. लिहिण्याची सफाई पूर्वीपेक्षा जास्त आहे, पण पुन्हा तीच माणसं, तेच युद्ध, तोच काळ. कुठल्याही सेटिंगला चाळीस वर्षांनी स्वतःचंच जुनं पुस्तक दुरुस्त करत बसावं लागावं याचं वाईट वाटतं, आणि तरी हाय क्लेरिस्ट टॉवर, म्हणजे स्टर्म जिथे पडला तो गड, हे नाव पानावर आलं की मी पान उलटतोच.

खेळायचं असेल तर ‘शॅडो’ जरूर घ्या. मूळ नायक त्यात जवळजवळ नाहीत, हा त्याचा सर्वांत मोठा गुण; तुमची माणसं कुणाच्या सावलीत राहत नाहीत. शापित, मेलेला नाइट लॉर्ड सोथ येतो, त्याच्याशी भिडायचं नाही एवढं खेळाडूंना आधीच सुचवून ठेवा. वाचायचं असेल तर सहा पुस्तकं वाचून थांबलात तरी काही बिघडत नाही. तिसरं नवं पुस्तक, ‘ड्रॅगन्स ऑफ इटर्निटी’, मी अजून उघडलेलं नाही. आधी आमचा कलामनचा शेवटचा वेढा उरकायचाय, आणि टेबलावरचे दोघे आत्ताच विचारतायत की पुढचा खेळ पर्वत पडण्याआधीच्या इस्तारमध्ये लावू या का.