एक पावसाळा, एक गळीत हंगाम: कोल्ड स्प्रे वापरून काय वाटलं

आमचं मोटर-पंप दुरुस्तीचं काम, कुपवाड एमआयडीसीत. साखर कारखान्यांचे हंगाम जवळ आले की ओव्हरहॉलिंगची झुंबड उडते आणि तीच एक डोकेदुखी समोर येते: अ‍ॅल्युमिनियमच्या एंड कव्हरमध्ये (मोटरच्या टोकाचं झाकण) बेअरिंग ढिलं. आजवर एक तर बोअरमध्ये (बेअरिंग बसतं त्या भोकात) पंचाने ठोके मारून बेअरिंग दाबून बसवायचं (ते किती टिकतं हे सगळ्यांना ठाऊक आहे), नाहीतर बोअर मोठं करून आत बुश (धातूची कडी) मारायचा. वेल्डिंग केलं की पातळ कव्हर वाकतं. म्हणून लो प्रेशरचं कोल्ड स्प्रे मशीन घेतलं.

यात धातू वितळत नाही. गरम केलेली हवा नोझलमधून आवाजाच्या वेगापेक्षा जोरात सुटते, पावडरचे कण तिच्याबरोबर जॉबवर आदळतात आणि चपटे होऊन धरून बसतात. 1980 च्या दशकात सोव्हिएत रशियातल्या नोव्होसिबिर्स्कला शास्त्रज्ञ पापिरिन आणि त्यांचे सहकारी विंड टनेलमध्ये प्रयोग करत होते, तेव्हा हे त्यांच्या ध्यानात आलं. वेग कमी पडला तर कण नुसता उडून जातो. म्हणून इथे प्रेशरशी तडजोड चालत नाही.

परवाचंच एक कव्हर घ्या. बोअर एका अंगाने खाल्लेलं. ब्लास्टिंग करून (हवेने कण मारून पृष्ठभाग साफ करून) लगेच स्प्रे मारला, कारण अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइड चढायला वेळ लागत नाही. करडा, खरबरीत थर उभा राहिला. कव्हर कुठेही वाकलं नाही. लेथवर घेतल्यावर लांब चिप निघत नाही, भुगा पडतो. पावडरमध्ये अ‍ॅल्युमिना (कठीण ऑक्साइडचा चुरा) मिसळलेला असतो, तो पृष्ठभाग साफ करतो आणि आधीचा थर ठोकून घट्ट करतो. त्यातला थोडा थरातच अडकतो, त्यामुळे कार्बाइड टूलच लावा. नोझलची नळीही तोच खातो. तो खर्च आधीच धरून ठेवा.

खरी परीक्षा पावसाळ्यात. हवेत पाणी किंवा कॉम्प्रेसरचं तेल आलं की पावडरच्या गुठळ्या होतात, पावडर सोडणारा फीडर अडतो, थर पापुद्र्यासारखा सुटतो. मशीनच्या कोटेशनमध्ये एअर ड्रायर नसतो आणि विकणारा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ड्रायर बसवल्यापासून कटकट थांबली. आवाज प्रचंड, इअर मफशिवाय उभंही राहू नका. अ‍ॅल्युमिनियमची धूळ पेट घेते, शेडमध्ये साचू देऊ नका; डस्ट कलेक्टरही त्या धुळीसाठी बनवलेलाच हवा.

गॅल्वनाइज्ड पाइपच्या वेल्डिंगवर झिंक मारायलाही छान. पण नोझल शक्यतो काटकोनात, अगदी जवळ धरावं लागतं, त्यामुळे अरुंद, खोल बोअरमध्ये काही करता येत नाही.

आठवड्याला दोन-चार अ‍ॅल्युमिनियमचे जॉब येत असतील तरच घ्या. कडक स्टीलचा थर या मशीनने होत नाही. शाफ्टचं जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) घेऊन कोणी आलं तर मी आजही त्याला मेटलायझिंगवाल्याकडेच (वितळवलेला धातू फवारणाऱ्याकडे) पाठवतो.