काँटेसाला टर्बो: जुना मॅनिफोल्ड की नवा?

इंदूरचा भाचा अडलाय: काँटेसा गाडीच्या इसुझू १.८ इंजिनाला टर्बो (जादा हवा दाबून भरणारा पंखा) बसवायचा, कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणारे इंजेक्टर लावायचे, पण जुन्या इनटेक मॅनिफोल्डचं, म्हणजे सिलिंडरना हवा नेणाऱ्या नळ्यांच्या भागाचं, काय करायचं?

खर्चात जुनाच बरा. इंजेक्टरची बैठक वेल्ड करायची, जोड घासून सपाट करायचे, झालं. पण वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं ओतीव ॲल्युमिनियम वेल्डिंगला छळतं. बारीक छिद्रं राहतात, म्हणून दाबाखाली तपासणी हवीच. खरी मेख हवेच्या वाटपात. कार्ब्युरेटरसाठी ओतलेल्या नळ्यांतून चारही सिलिंडरना सारखी हवा मिळेलच असं नाही. एखाद्यात हवा जास्त जाऊन पेट्रोल कमी पडलं की नॉकिंग (पेट्रोल अवेळी, स्फोटासारखं पेटणं), मग पिस्टनच जायचा.

नव्यात हे सुधारता येतं. कारागीर मात्र पक्का हवा. इंदूरशेजारच्या पीथमपूर उद्योगनगरीजवळ तो शोधणं अवघड नसावं.

टर्बोचा दाब ०.३ बारपर्यंत (बार हे हवेच्या दाबाचं माप) ठेवून, रविवारच्या फेरीपुरता, जुना चालवून घे. ०.५ च्या वर जायचं तर नवाच कर, बाबा.