ताडोबा ते पेंच: थेट जावं की नागपुरात एक रात्र थांबावं?

ताडोब्यात सकाळची सफारी करून त्याच संध्याकाळी पेंच गाठता येतं. ताडोब्याच्या मोहर्ली गेटहून नागपूर अडीच-तीन तास, पुढे पेंचचं सिल्लारी गेट दीड-दोन तास. नागपूर वाटेतच पडतं, म्हणून आमच्याकडे येणारे पाहुणे दरवेळी विचारतात, इथं मुक्काम करून काय मिळणार?

थेट गेलात तर एका रात्रीचं भाडं वाचतं. लहान मुलं सोबत असली तर बॅगा पुन्हा पुन्हा उघडाव्या लागत नाहीत, हेही खरंच. मी एकदा तसंच केलं. घरी आल्यावर चितळाचा अलार्म कॉल, म्हणजे धोक्याची चाहूल लागल्यावरची हाक, कानात होता, पण तो कुठल्या जंगलातला, हे काही केल्या आठवेना. फोटोंवर तारीख असते, आवाजावर नसते.

दोन्हीकडे साग, दोन्हीकडे चितळ, दोन्हीकडे जिप्सीची धूळ. फरक मात्र मोठा आहे. ताडोबा हे १९५५ सालचं, राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. तिथं बांबू रस्त्यावर झुकलेला असतो, नजर चार हातांवर अडते, आणि तळ्यात मगरी. पेंचला नदीनं नाव दिलंय. तोतलाडोह धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं, रान बरंच मोकळं. पहिलं जंगल मनात नीट बसलं असेल तरच हा मोकळेपणा जाणवतो. म्हणून मी मुक्कामाच्या बाजूनं आहे. सुट्टी कमी पडत असेल तर एक सफारी कमी करा, पण पहिल्या जंगलाच्या आठवणी लिहून काढायला ही संध्याकाळ ठेवा.

ती घालवायची कुठे? हॉटेलच्या खोलीत नको. तिथं आपण फोटो निवडत बसतो, आणि फोटोत न आलेलं सगळं निसटून जातं. फुटाळा तलावावरची संध्याकाळ सुरेख, पण गर्दी दाट. गप्पांना चांगली, लिहायला नाही. दीक्षाभूमीला जरूर जा, मात्र वही उघडायला नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथं धम्मदीक्षा घेतली, त्या जागेला तिचा स्वतंत्र वेळ द्यावा.

माझी पसंती मेट्रोला. सीताबर्डीहून लोकमान्य नगरकडे जाणारी अ‍ॅक्वा लाइन पकडा, खिडकीशी बसा. पुढे अंबाझरी तलावाचं पाणी दिसतं. गाडी चालत असली की आठवणी आपोआप वर येतात. शेवटच्या स्टेशनवर उतरून बाकावर बसा आणि लिहून काढा. वाघ शेवटी लिहा. आधी वास, आवाज, गाईड काय म्हणाला ते.

मग सोबतच्या माणसाला विचारा. गेल्या एप्रिलमध्ये मी दोन पानं भरली होती. ताईनं ती वाचली आणि म्हणाली, "अन् मोहाच्या फुलांचा वास? तो कुठं गेला?"