कोणत्या सर्व्हरला काय दिसतं? ब्रोकेड आणि सिस्को सॅन स्विचच्या कमांड लाइनची तुलना

सातपूर, अंबड, सिन्नर या पट्ट्यातल्या मध्यम कारखान्यांच्या सर्व्हर रूममध्ये मांडणी साधारण सारखीच असते. सर्व्हर आणि स्टोरेज यांना जोडणारं खास नेटवर्क म्हणजे सॅन, त्याचे दोन फायबर चॅनेल स्विच, एक स्टोरेज, आठ-दहा सर्व्हर आणि कोपऱ्यात घरघरणारा यूपीएस. यातल्या अनेकांचे स्विच आता बदलायला आलेत आणि टेबलावर दोन कोटेशन पडली आहेत, एक ब्रोकेडचं, एक सिस्कोच्या एमडीएस मालिकेचं. पोर्ट, वेग, एएमसी यावर वेंडर भरपूर बोलेल. मी फक्त एका गोष्टीवर तुलना करणार आहे: पुट्टी (स्विचवर कमांड टाइप करायचा प्रोग्रॅम) उघडून बसलं की कोणत्या सर्व्हरला कोणतं स्टोरेज दिसतं, हे कोणता स्विच नीट सांगतो?

हा प्रश्न मला इतका महत्त्वाचा का वाटतो, ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी अंबडच्या एका कारखान्यात मी कामाला होतो. एक जुना सर्व्हर भंगारात काढला, पण त्यातलं एचबीए कार्ड (सर्व्हरला सॅनशी जोडणारं) चांगलं होतं म्हणून ते चाचणीच्या मशीनमध्ये बसवलं. कोणी कोणाशी बोलायचं हे स्विचवर ठरतं ते झोनिंगने, आणि आमच्या झोनिंगमध्ये नोंद होती ती कार्डाच्या डब्ल्यूडब्ल्यूएनची, म्हणजे त्याच्या ओळख क्रमांकाची. तिथे डब्याला काही किंमत नाही. जुना झोन कोणी काढला नव्हता, स्टोरेजवरचं मॅपिंगही (कोणती डिस्क कोणाला द्यायची ही नोंद) तसंच होतं. चाचणीच्या मशीनवर बसलेल्या मुलाला ‘नवी डिस्क’ दिसली, त्याने ती ऑनलाइन घेतली. ती चालू उत्पादनाची डिस्क होती. दोन विंडोज मशीन एकाच डिस्कवर लिहू लागली आणि फाइल सिस्टिम गेली. बॅकअपमधून सगळं परत आणेपर्यंत डिस्पॅच बंद होता. त्या मुलाची काहीच चूक नव्हती. परवानगी कोणाकोणाला आहे हे आम्ही कोणीच कधी वाचून पाहिलं नव्हतं.

तर आता वाचायचं कसं?

दोन्हीकडे झोनिंगच्या दोन प्रती असतात. एक लिहून ठेवलेली, एक प्रत्यक्ष लागू असलेली. ब्रोकेड त्यांना डिफाइन्ड आणि इफेक्टिव्ह म्हणतं, सिस्को फुल आणि ॲक्टिव्ह. नाशिककरांना हा फरक समजवावा लागत नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडणार याचे आकडे येत असतात, पण गोदावरीला पाणी किती चढलंय हे आपण दुतोंड्या मारुतीकडे पाहूनच ठरवतो. लागू असलेली प्रत म्हणजे तो मारुती. ब्रोकेडवर ‘सीएफजी-शो’ दोन्ही प्रती एकाखाली एक ओतते, आणि घाईत माणूस वरचीच वाचून थांबतो. ‘सीएफजी-ॲक्टिव्ह-शो’, म्हणजे टाइप करताना ‘सीएफजीएसीटीव्हीशो’, फक्त लागू असलेली प्रत देते. सिस्कोवर झोनच्या संचाला झोनसेट म्हणतात; ‘शो झोनसेट’ लिहिलेली प्रत देते, ‘शो झोनसेट ॲक्टिव्ह’ लागू असलेली. सवय लावायची तर लागू प्रत देणाऱ्या या दोन कमांडची लावा.

वाचायला सोपं कोणतं, याचं उत्तर माझ्या मते स्पष्ट आहे: सिस्को. ब्रोकेडच्या लागू प्रतीत टोपणनावं उरत नाहीत. प्रत्येक सदस्य १६ अंक-अक्षरांचा डब्ल्यूडब्ल्यूएन म्हणून येतो. तो कोणाचा हे कळायला ‘नोड-फाइंड’ वेगळी चालवावी लागते, किंवा वरच्या डिफाइन्ड भागातल्या टोपणनावांशी ताडून पाहावं लागतं. सिस्को मात्र डब्ल्यूडब्ल्यूएनच्या शेजारीच चौकटी कंसात डिव्हाइस-अलायस, म्हणजे आपण दिलेलं टोपणनाव, छापतं. नावं नीट दिली असतील तर ऑडिटरसमोर तोच पडदा ठेवता येतो. शिवाय जो सदस्य या क्षणी फॅब्रिकमध्ये (जोडलेल्या स्विचच्या जाळ्यात) लॉगिन आहे त्याच्यापुढे तारका असते. तारका नसलेल्या ओळी खाली उतरवून घेतल्या की भंगारात गेलेल्या सर्व्हरची यादी जवळजवळ तयार होते. बंद ठेवलेला एखादा सर्व्हर तेवढा वगळायचा.

ब्रोकेडवर हेच काम ‘झोन’ कमांडला ‘व्हॅलिडेट’ जोडून होतं. पण इथे सांभाळा: तिथली तारका बरोबर उलट बोलते. ब्रोकेडच्या व्हॅलिडेटमध्ये तारका म्हणजे ‘हा सदस्य फॅब्रिकमध्ये नाही’. दोन्ही कंपन्यांचे स्विच हाताळणाऱ्या माणसाने हे कागदावर लिहून रॅकच्या दारावर चिकटवावं. चुकीच्या बाजूच्या ओळी मेल्या समजून काढल्या तर चालू सर्व्हरची डिस्क जाईल.

आता ब्रोकेडची बाजू, कारण एका ठिकाणी ते सिस्कोच्या बरंच पुढे आहे. आपला खरा प्रश्न असतो ‘हे मशीन कोणाकोणाला पोचतं?’ आणि ‘एनएस-झोन-मेंबर’ नेमकं त्याचंच उत्तर देते. त्या कार्डाचा डब्ल्यूडब्ल्यूएन द्या, ज्यांच्याशी ते बोलू शकतं ते सगळे शेजारी एका यादीत येतात, मग ते पाच वेगवेगळ्या झोनमधून आलेले असोत. ‘वजा ए’ दिलं की स्विचला जोडलेल्या प्रत्येक साधनासाठी हीच यादी मिळते. ‘वजा यू’ दिलं की कोणत्याच लागू झोनमध्ये नसलेली साधनं समोर येतात. सिस्कोवर ‘शो झोन मेंबर’ आधी झोनची नावं देते, मग एकेक झोन उघडून शेजारी शोधायचे. दहा सर्व्हर असतील तर चालतं. पन्नास झाले की डोळे फुटतात.

डिफॉल्ट झोनचा मुद्दा, म्हणजे कोणत्याच झोनमध्ये नसलेल्या साधनांचं काय करायचं हा, कोटेशनमध्ये कुठेच नसतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. ब्रोकेड कारखान्यातून येतो तो सहसा ‘ऑल ॲक्सेस’ घेऊन. मग कोणतंही कॉन्फिगरेशन (ब्रोकेडचा झोनचा संच) लागू नसेल तर सगळ्यांना सगळं दिसतं. एकदा कॉन्फिगरेशन लागू झालं की जो झोनमध्ये नाही तो बाहेर. म्हणजे धोका आहे तो कोणी कॉन्फिगरेशन बंद करतं त्या क्षणाचा. ‘डेफ-झोन’ला ‘शो’ जोडून ही स्थिती आज रात्रीच पाहून घ्या आणि ‘नो ॲक्सेस’ करून ठेवा. सिस्कोचं डिफॉल्ट ‘डिनाय’ आहे, ‘शो झोन स्टेटस’मध्ये प्रत्येक व्हीसॅनपुढे (एकाच स्विचचे केलेले स्वतंत्र आभासी भाग) ते लिहिलेलं असतं. पण तिथे कोणी ते ‘परमिट’ केलं असेल तर झोनसेट लागू असतानाही झोनबाहेरची साधनं एकमेकांना दिसत राहतात. आधीच्या माणसाने चाचणीसाठी ‘परमिट’ केलं आणि परत फिरवायचं राहिलं, हे मी दोनदा पाहिलंय. या एका बाबतीत नवा डबा उघडल्यावर सिस्को जास्त सुरक्षित वाटतो, वारशाने आलेला सिस्को मात्र आधी तपासा.

एकाच स्विचवर दोन विभाग किंवा दोन कंपन्या असतील तर सिस्कोचे व्हीसॅन वाचायला सरळ आहेत. व्हीसॅन क्रमांक न देता कमांड चालवली की सगळ्यांचं दिसतं. ब्रोकेडवर अशाच वाटणीसाठी असलेलं व्हर्च्युअल फॅब्रिक चालू असेल तर तुम्ही ज्या लॉजिकल स्विचमध्ये आहात तेवढंच दिसतं, आणि उरलेलं राहिलंय हे पडदा सांगत नाही.

फक्त पाहण्यापुरतं लॉगिन दोन्हीकडे मिळतं: ब्रोकेडवर ‘यूजर’ भूमिका, सिस्कोवर ‘नेटवर्क-ऑपरेटर’. ऑडिटसाठी ॲडमिनचा पासवर्ड वापरायची काहीच गरज नाही. ग्राफिकल साधनं दोघांचीही आहेत आणि झोन बनवायला ती बरी. पाहायला मी कमांड लाइनच धरतो, कारण निकाल साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवता येतो आणि मागच्या महिन्याच्या फाइलशी ओळीओळीने ताडता येतो.

कोणताही स्विच घ्या, तो उत्तराचा अर्धाच भाग सांगणार. झोन फक्त दोन पोर्टची गाठ घालून देतो. त्या पोर्टमागचा कोणता लन (स्टोरेजमधली डिस्क) कोणाला द्यायचा हे स्टोरेज ठरवतं. नेटॲपवर ‘लन मॅपिंग शो’, आयबीएमच्या स्टोअरवाइज घराण्यात ‘एलएस-होस्ट-व्हीडिस्क-मॅप’. अंबडच्या त्या प्रकरणात दोन्ही दारं उघडी होती. एक जरी बंद असतं तरी डिस्क वाचली असती.

तर कोणता घ्यावा? दोन स्विच, एक स्टोरेज, एकच मालक आणि सर्व्हर रूम सांभाळणारा एकच माणूस असेल तर मी ब्रोकेड घेईन, ‘एनएस-झोन-मेंबर’ या एका कमांडसाठी. सामायिक जागा असेल, माणसं बदलती असतील आणि नावं शिस्तीने देणारा कोणीतरी असेल तर सिस्को. पैसे देण्याआधी वेंडरला लॅपटॉप घेऊन बोलवा, तुमच्याच एका सर्व्हरचा डब्ल्यूडब्ल्यूएन द्या आणि त्याला काय काय दिसतं ते त्याच्याकडून कमांड लाइनवर काढून घ्या. शेजारी घड्याळ ठेवा.