पोस्ट-इट: फसलेल्या गोंदाचा रिव्ह्यू

पिवळ्या चिठ्ठ्यांवर काय रिव्ह्यू लिहायचा असं वाटेल, पण मला पोस्ट-इट आवडतं ते त्याच्या गोंदासाठी. थ्रीएम या अमेरिकन कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर नावाचा केमिस्ट १९६८ मध्ये चांगला दणकट गोंद बनवायला बसला आणि हाती आला एकदम लेचापेचा, चिकटतो खरा पण ओढला की सुटतो. त्यात बारीक बारीक गोळे असतात, ते पानाला जागोजागी नुसते टेकतात, त्यामुळे पान न फाटता चिठ्ठी निघते आणि परत दुसरीकडे लागतेही.

लोक याला सेरेंडिपिटी (शोधायला जावं एक आणि हाती लागावं दुसरंच कामाचं) म्हणतात आणि बरोबरच आहे, पण हल्ली तो शब्द कुठेही ठोकून देतात, रस्त्यात जुना मित्र भेटला सेरेंडिपिटी, सेलमध्ये मापाचा शर्ट मिळाला सेरेंडिपिटी. अहो तो साधा योगायोग, कावळा बसायला आणि फांदी तुटायला! होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने १७५४ मध्ये एका पत्रात हा शब्द बनवला (सेरेंदिप म्हणजे श्रीलंकेचं जुनं नाव, तिथल्या तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून) तेव्हा त्याला अपघाताच्या जोडीला चाणाक्षपणाही हवा होता. इथे तो आहे. सिल्व्हर हा गोंद घेऊन कंपनीत वर्षानुवर्षं सांगत फिरला, कुणालाच उपयोग सुचेना, मग १९७४ मध्ये आर्ट फ्राय या सहकाऱ्याच्या चर्चमधल्या गाण्यांच्या पुस्तकातून खुणेचे कागद सारखे पडायला लागले आणि त्याच्या डोक्यात ट्यूब पेटली. तरी अमेरिकाभर विक्री सुरू व्हायला १९८० उजाडलं. पिवळा रंगसुद्धा शेजारच्या लॅबमध्ये तसले कागद पडलेले होते म्हणून.

आता वापराचं. चिठ्ठी खालून वर ओढू नका, कडेला वाकते आणि मग मॉनिटरवर लावली की शेपटी वर करून बसते, बाजूने सोलून काढा, सपाट राहते. धुळीच्या किंवा खडबडीत भिंतीवर टिकत नाही, तिथे सरळ टेप लावा. जुन्या पुस्तकात कायमची ठेवू नका, पानावर गोंदाचा अंश राहू शकतो. स्वस्तातल्या नकला मी वापरून बघितल्यात, काही दुपारपर्यंत जमिनीवर तर काही निघताना पानाचा पापुद्रा घेऊन येतात, म्हणजे तो लेचापेचा गोंद नेमका जमवणं सोपं नाहीये. आणि घ्यायचाच तर फिका पिवळा घ्या, गडद गुलाबी-हिरव्यावर पेन्सिल अजिबात उठत नाही.